ब्रदरमहाराजांचा मंगळवार

इंद्रभानच्या घरासमोर इतक्या मोटारसायकली लागल्या होत्या की मला वाटलं, म्हातारी गेली. धामणगाव बढ्यात एवढी गर्दी एक तर मयतीला होते, नाही तर मतदानाला. चपला काढता काढता मी चेहरा उतरवून घेतला. तेवढ्यात फुगेवाला दिसला. मयतीला कोणी फुगे विकायला येत नाही, म्हणून चेहरा पुन्हा जागेवर आणला.

म्हातारी गेली नव्हती. म्हातारी देवी झाली होती.

म्हातारी म्हणजे गोजरबाई, माझी सख्खी मावशी. इंद्रभान तिचा मुलगा. मावशीला साखरेचा आजार जुना, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचावं लागायचं. त्यात गेल्या वर्षी न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं गेलं. इंद्रभान शेतात, त्याची बायको कोकिळा गिरणीवर; मग म्हातारीला कूस बदलून द्यायला, न्हाऊ घालायला, इंजेक्शन द्यायला त्याने शहरातल्या एका ब्युरोकडून माणूस ठेवला. नाव शिवम. दवाखान्यात अशा माणसाला ब्रदर म्हणतात, म्हणून घरीही ब्रदर. अंगात पांढरा शर्ट, खिशाला पेन, बोलण्यात दर दोन शब्दांमागे एक इंग्रजी. गावात त्याचा मान डॉक्टरच्या खालोखाल, आणि डॉक्टर गावात राहत नसल्यामुळे पहिला.

त्यानंतर चार महिन्यांनी इंद्रभानचा फोन आला होता.

“दादा, मंगळवारी येऊन जाय. मायच्या अंगात आली.”

“काय आलं?”

“ओढ्यावरली देवी. दर मंगळवारी येऊन राह्यली. अकराच्या सुमाराले.”

“डॉक्टरला दाखवलं का?”

तो दुखावला. “तू कॉलेजात शिकवतं म्हून असं बोलतं. अरे, डॉक्टरचं औषध आमी एक दिवस चुकवलं नाई. देवीचं देवीले, डॉक्टरचं डॉक्टरले. आमी काई अडाणी हाओ का?”

मी अर्थशास्त्र शिकवतो. कोणत्याही गोष्टीचं कारण ती होऊन गेल्यावर सांगायचं, ही आमच्या विषयाची रीत. म्हणून मी वाद घातला नाही आणि मंगळवारी बुलढाण्याहून एसटीने आलो.

ओसरीत मावशीला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. खुर्चीला झेंडूच्या माळा. तिने धरून दोन पावलं टाकायला शिकावं म्हणून जो वॉकर आणला होता, त्याच्यावर भक्तांनी आणलेले हार टांगले होते. तिच्या अंगावर हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. शेजारी ब्रदर उभा. वर ब्युरोचा पांढरा शर्ट तसाच होता, खाली भगवी लुंगी आली होती. लोक आता त्याला ब्रदरमहाराज म्हणत.

“ज्याच्या मनात शंका असंल, त्यानं बाहेर थांबावं,” ब्रदरमहाराज माइकवर सांगत होते. “शंकेनं कनेक्शन तुटतं. हे सगळं सायन्स आहे. बॉडीमध्ये देवीची एनर्जी उतरते, म्हणून बॉडी थंड पडते. आतली हीट एनर्जी खेचून घेते. परदेशात यावर रिसर्च चालू आहे.”

एक म्हातारा पुढे सरकून मावशीच्या हाताला हात लावून आला आणि मागे सांगू लागला, “बरफ हाय बाप्पा, बरफ.”

मग देवी आली. आधी मावशीच्या कपाळावर घाम फुटला. कुंकू ओघळून नाकावर आलं. हात थरथरू लागले, मग खांदे. डोळे उघडे होते पण कोणाला ओळखत नव्हते. ओठ चाटत ती काहीतरी बरळू लागली. बायकांनी जमिनीला डोकं टेकवलं. कोणीतरी घंटा वाजवली. खरं सांगायचं तर माझ्याही अंगावर काटा आला. शिकलेल्या माणसाच्या अंगावरही तो येतो. फरक एवढाच की आपण तो बाहीखाली लपवतो.

कडूबा नावाचे एक सधन शेतकरी पहिल्या रांगेत होते. ते हात जोडून म्हणाले, “माय, बोअर कोठी घेऊ? सांगून दे.”

मावशीचा हात थरथरत उचलला गेला आणि उगवतीकडे वळला.

“पूर्व,” ब्रदरमहाराजांनी जाहीर केलं. “देवीनं पूर्व दिशा दिली.”

मावशी पुटपुटली, “भाकर.”

हे मी स्वतः ऐकलं. दोन हातांवर होतो.

“देवी नैवेद्य मागते,” ब्रदरमहाराज म्हणाले.

बायका ताटं घेऊन उठल्या. पुरणपोळी, वरण-भात, गव्हाची खीर. एकेक ताट मावशीच्या नाकासमोरून गेलं आणि कोनाड्यातल्या शेंदूर फासलेल्या दगडापुढे मांडलं गेलं. दगडाने कशालाच तोंड लावलं नाही. मावशीची नजर मात्र ताटांबरोबर फिरत होती. तेवढी एक गोष्ट त्या डोळ्यांना अजून ओळखू येत होती.

पाऊण तास हे चाललं. मग ब्रदरमहाराजांनी कोनाड्यातून तांब्याचा गडू घेतला, मंत्र म्हटला आणि तीर्थ मावशीच्या ओठांना लावलं. तिने ते घटाघटा घेतलं. काही वेळात थरथर थांबली, घाम निवला. तिने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, “आज कोन वार हाय वो?”

गर्दी हेलावून गेली. देवी आली, देवी गेली, म्हातारी शाबूत.

माझं डोकं दुखायला लागलं होतं. मी शेजारी नूरजहांबींकडे गेलो. नूरजहांबी आणि मावशी चाळीस वर्षांच्या शेजारणी. दोन घरांत एक बुटकी भिंत, आणि त्या भिंतीवरून गेली चाळीस वर्षं वाट्या, बातम्या आणि शिव्या ये-जा करत आल्या. मी गेलो तेव्हा त्यांची मुलगी राबियाही आलेली होती. ती शेजारच्या तालुक्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. सुट्टी मिळाली की आईकडे येते आणि दिवसभर झोपते.

“तुमी आला नाही पाहायला?” मी नूरजहांबींना विचारलं.

“मले मंगळवारी बंदी हाय, भाऊ.” त्यांनी कप पुढे ठेवला. “मागच्या महिन्यात एका मंगळवारी सकायीच गोजरनं खिडकीतून आवाज देला. नुरी, जीव घाबरा होऊन राह्यला, मले काई देत नाईत खायाले. म्या चा देला, दोन टोस देले. त्या दिशी देवी आलीच नाई. वरवट बकालवरून टेम्पो भरून मानसं आले होते, तसेच वापस गेले. मंग ब्रदरले खिडकीत बशी सापडली. म्हने विटाळ झाला. चाळीस वर्षं माह्या हातचं खाल्लं, तवा नाई झाला.”

राबिया झोपाळलेली बसली होती. ती ताठ झाली.

“अम्मी, त्या चहात साखर घातली होती?”

“मंग काय मीठ घालू? शुगर हाय म्हून अर्धा चमचाच टाकला. ते भांडली, मंग दोन टाकले.”

“आणि देवी आली नाही.”

“नाई.”

“बाकीच्या मंगळवारी सकाळी तिला काहीच देत नाहीत?”

“पाण्याचा घोट नाई. देवी याच्या आंधी उपाशीच राहा लागते म्हने.”

राबियाने कप खाली ठेवला. “आणि इंजेक्शन, सर?” हे तिने मला विचारलं.

मी इंद्रभानचं वाक्य तिला जसंच्या तसं ऐकवलं. डॉक्टरचं औषध आमी एक दिवस चुकवलं नाई.

 ती उठून चपला शोधू लागली.

गर्दी पांगेपर्यंत संध्याकाळ झाली, तेव्हा कुठे आम्ही दोघं इंद्रभानच्या ओसरीत बसलो. मावशी आत झोपली होती. कोकिळा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत ना बाहेर. राबियाने आडपडदा ठेवला नाही.

“भाई, इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं. म्हणून इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात पोटात अन्न जायला हवं. मंगळवारी तुम्ही इंजेक्शन देता आणि उपाशी ठेवता. साखर पडते. घाम, थरथर, बरळणं, माणूस न ओळखणं, हे सगळं त्याचं आहे. गोजरखालाच्या अंगात कोणी येत नाही. तिचा मेंदू उपाशी मरतो, आणि तुम्ही समोर बसून घंटा वाजवता.”

इंद्रभानने माझ्याकडे पाहिलं, जणू मी तिला पढवून आणलं होतं. “औषध आमी एकही दिवस चुकवलं नाई,” तो म्हणाला. “उपासही नाई चुकवला. दोन्ही कडक पायलं.”

“दोन्हीतलं एक जरी चुकवलं असतं ना भाई, तरी बरं झालं असतं.”

तेवढ्यात ब्रदर बाहेर आला. घरात तो लुंगी घालत नसे, पायजमा होता. “मॅडम, तुमची श्रद्धा वेगळी, आमची वेगळी. देवीच्या मॅटरमध्ये तुम्ही पडू नका. गावात उगीच टेन्शन होईल.”

बघा, हा माणूस किती हुशार. बोलणं इन्सुलिनचं चाललं होतं, त्याने धर्माचं उत्तर दिलं. आणि इंद्रभानने, ज्याला लहानपणी नूरजहांबींनी कडेवर खेळवलं होतं, मान डोलावली.

“राबिया, तू पोरगी हाय घरची. पन देवीतलं तुले काय समजते? जाय बाई.”

उठताना राबियाने कोकिळेला विचारलं, “भाभी, इंजेक्शन कोण देतं?”

“आता बाकी दिशी मीच देतो, ब्रदर संग राह्यते. मंगळवारी तेच भरते अन् तेच देते.” कोकिळेने नवऱ्याकडे न पाहता सांगितलं. “आजकाल बाटली लवकर सरते. देवीच्या अंगाले जास्त लागते म्हने.”

“कोकिळे,” इंद्रभान म्हणाला, आणि ती आत गेली.

पुढच्या मंगळवारी महादरबार होता. गावभर कागद चिकटवले होते. देवी नेहमीसारखी पाऊण तास नाही, दुपारपर्यंत थांबणार. दारात मांडव, दोन कर्णे. देवीचा मुक्काम वाढवायचा म्हणजे सुईतलं काय वाढवायचं, हे आता राबियाला कळत होतं आणि मलाही. आठवडाभर मी इंद्रभानला फोन करत होतो. पहिले दोन त्याने उचलले, नंतर नाही. राबियाने ब्युरोला फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं की पेशंटच्या नातेवाइकांची काहीच तक्रार नाही, उलट ते फार समाधानी आहेत. हे खोटं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. राबियाच्या हातात पिशवी होती. नूरजहांबी त्यांच्या अंगणात, भिंतीपलीकडे उभ्या होत्या. बंदी पाळत होत्या.

देवी त्या दिवशी लवकर आली, आणि वेगळी आली. मावशीचं डोकं पुढे लोंबलं होतं. थरथर नव्हती, मधूनच झटका यायचा. लुगडं घामाने अंगाला चिकटलं होतं. तोंडातून शब्द निघत नव्हता, नुसता घोगरा आवाज.

“आज देवी फुल पॉवरमध्ये आहे,” ब्रदरमहाराज माइकवर म्हणाले. पण त्यांची नजर पुन्हा पुन्हा मावशीच्या तोंडाकडे जात होती. त्यांना कळत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो: गर्दीला कळत नव्हतं, मुलाला कळत नव्हतं, पण त्या मांडवात एका माणसाला पहिल्या मंगळवारपासून सगळं कळत होतं.

राबिया गर्दीतून वाट काढत पुढे गेली आणि पिशवीतून साखर तपासायचं मशीन काढलं.

“सुई लावायची नाही,” ब्रदर आडवा आला. “देवीच्या अंगाला लोखंड चालत नाही.”

“सकाळी इंजेक्शन कशानं दिलंत? गवताच्या काडीनं?”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. पहिल्या रांगेतले दोघे-तिघे मात्र उठून उभे राहिले. एकजण म्हणाला, “हे काऊन आली बे इथी? कोनं बोलावलं हिले?”

“म्या बोलावलं,” कोकिळा म्हणाली.

ती कधी पुढे आली ते कोणाला दिसलं नाही. हाताला गिरणीचं पीठ तसंच होतं. तिने राबियाच्या हातातून मशीन घेतलं. “मले येते हे. माही सासू हाय, मी लावतो. कोनाले हात लावाचा असंल मले, तं लावा.”

सुनेला हात लावायला कोणी पुढे आलं नाही. कोकिळेने मावशीचं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा आला तसा तिने तो मोठ्याने वाचला, आणि माइक शेजारीच असल्यामुळे तो दोन्ही कर्ण्यांतून गावाने ऐकला.

“एकतीस.”

“सत्तरच्या खाली गेलं की माणसाला धोका असतो,” राबिया माइककडे न पाहता म्हणाली. “हे एकतीस आहे.”

ब्रदरमहाराजांनी घाईने कोनाड्यातला गडू घेतला. “तीर्थ द्या. तीर्थानं देवी शांत होते.”

राबियाने त्याचं मनगट धरलं. “यात काय आहे?”

“तीर्थ आहे.”

“काय घातलंय ते सांग. माहीत नसलेली वस्तू मी पेशंटच्या तोंडात जाऊ देणार नाही. एक शब्द सांग, मी स्वतः बोटाने चाटवते.”

एकच शब्द होता. तो सांगितला असता तर म्हातारीला त्याच क्षणी मिळाला असता. ब्रदरने मावशीकडे पाहिलं, मग मांडवाकडे, कर्ण्यांकडे, दानपेटीकडे. आणि गप्प राहिला.

मी बरेच खून वर्तमानपत्रात वाचले आहेत. असा एकही नाही वाचला, की ज्यात शेपन्नास माणसं हात जोडून साक्षीला बसली होती.

राबिया त्याच्याकडे पाहत वेळ घालवायला थांबली नाही. “शीर सापडेपर्यंत साखर आणा,” ती म्हणाली. “कोणाच्याही घरची. पळा.”

भिंतीपलीकडून नूरजहांबींचा हात वर आला. हातात साखरेचा पत्र्याचा डबा होता. त्या तो घेऊनच उभ्या होत्या.

डबा भिंतीवर होता आणि मांडव जागचा हलत नव्हता. कोणीतरी पुटपुटलं, “देवीच्या तोंडात तिकडली साखर?” तेव्हा इंद्रभान उठला. तो काही बोलला नाही. भिंतीपाशी गेला, डबा घेतला आणि आईपुढे गुडघ्यावर बसला.

“पाणी नको, ठसका लागेल,” राबिया म्हणाली. “बोट ओलं कर, चिमूट चिमूट गालाच्या आतून चोळ.” स्वतः तिने ग्लुकोजचं इंजेक्शन भरून हातात तयार ठेवलं आणि दुसऱ्या हाताने मावशीची शीर शोधत बसली.

इंद्रभानचं बोट आईच्या तोंडात जात होतं, येत होतं.  ब्रदर मागून म्हणाला, “देवीचा अपमान झाला. काही झालं तर जबाबदार हे लोक.” कोणी वळून पाहिलं नाही, पण कोणी त्याला गप्पही केलं नाही. राबियाने दंडाला रबर बांधलं, सुई टेकवली, आणि थांबली. मावशीने गिळलं होतं. आणखी एक चिमूट. पुन्हा गिळलं. मग तिने इंद्रभानचं बोट चावलं, आणि तो हसतच रडायला लागला.

जरा वेळाने तिने मान वर केली. डबा तिच्या मांडीवर होता. तो तिने ओळखला.

“नुरीचा डबा इथी काऊन हाय?” ती म्हणाली. “मले भाकर द्या ना वो कोनी.”

तर देवी अशी गेली. मंत्र नाही, तीर्थ नाही. नूरजहांबींच्या डब्यातली, रेशनच्या दुकानात मिळणारी साखर तिला चालली, आणि विटाळही झाला नाही.

राबियाने गडू कडूबांच्या हातात दिला. “बाबा, तुम्ही मोठे माणूस. चाखून पाहा.”

कडूबांनी बोट बुडवलं, चाटलं. पुन्हा बुडवलं. “पाक हाय बे हा,” ते म्हणाले. “जिलबीचा पाक.” आणि थोडं थांबून, “मंग माह्या बोअरचं काय?”

“घेतला का उगवतीकडे?” कोकिळेने विचारलं.

“घेतला.”

“लागलं पाणी?”

“धूळ लागली.”

“आमच्या उगवतीकडं चूल हाय, बाबा. भुकेलं मानूस चुलीकडंच बोट दाखवते.”

मग कोकिळेने माइक हातात घेतला. तिला माइकवर बोलायची सवय नव्हती. तो तिने फार जवळ धरला होता आणि प्रत्येक शब्दाला कर्णा फुरफुरत होता. तिने सांगितलं ते असं. पहिल्या मंगळवारी देवी वगैरे काही नव्हतं. ब्रदरने इंजेक्शन दिलं आणि फोनवर बोलत बाहेर गेला, तो नाश्ता द्यायचं विसरूनच गेला. ती गिरणीवरून आली तेव्हा सासू घामाने भिजून थरथरत होती. शेजारची एक बाई भेटायला आली होती, ती ओरडली, काय झालं, काय झालं. ब्रदर धावत आला, पाहिलं, आणि आधी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याकडे पळाला. साखरपाणी पाजून झाल्यावर बाहेर येऊन त्या बाईला म्हणाला, देवी आली होती. त्या बाईने पाया पडून अकरा रुपये ठेवले.

“म्या तवाच सांगतलं घरात,” कोकिळा म्हणाली, “का ब्रदर साखरेकडं पयला. मले म्हने, देवीवर शंका घेऊ नको.”

ज्याने म्हटलं होतं, तो आईच्या पायाशी बसला होता.

म्हणजे चमत्कार एवढाच होता. एक माणूस आपलं काम विसरला. पेशंटच्या घरात हे होऊ शकतं. अशा वेळी माणूस चूक सांगतो, डॉक्टरला फोन करतो आणि दुसऱ्या दिवसापासून ताट आधी वाढून मग सुई हातात घेतो. याने चुकीला हार घातला. पुढच्या मंगळवारी ती चूक मुद्दाम केली, त्याच्या पुढच्या मंगळवारी डोस वाढवून केली, आणि प्रत्येक वेळी म्हातारी मरणाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन जिवंत परत आली, याचं श्रेय घेतलं.

ब्रदर मागच्या बाजूने निघाला होता. कडूबांच्या माणसांनी त्याला मांडवाच्या खांबापाशी अडवलं. मारहाण होऊ नये म्हणून राबियाच मधे उभी राहिली. तेव्हा तो जे बोलला ते मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण तो खरोखर दुखावला गेला होता.

“मी आजीला काही होऊ दिलं का? दर वेळेस टायमावर साखर देतच होतो ना?”

हा त्याचा बचाव होता.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आणि जिवाला धोका पोचवल्याबद्दल तक्रार झाली. लिहायला बसलो तेव्हा कडूबांनी गंभीरपणे विचारलं, “तक्रार कोनावर लिव्हाची, ब्रदरवर का देवीवर?” पहिलं नाव ब्रदरचं घातलं. दुसऱ्या नावाच्या जागी घालण्यासारखी शेपन्नास नावं समोरच बसली होती, पण कायद्यात भक्तांसाठी कलम नाही.

मावशीला त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. ती वाचली. कोणी विचारलं की मी एवढंच सांगतो, कारण लोकांना एवढंच ऐकायचं असतं. पण राबियाने मला नंतर समजावलं, की साखर वारंवार इतकी खाली गेली तर म्हाताऱ्या मेंदूचं काही ना काही जातं आणि ते परत येत नाही. मावशीला पूर्वी सगळ्या भाचरांची नावं, त्यांच्या बायकांची, त्यांच्या पोरांची, म्हशींसकट पाठ होती. आता ती इंद्रभानला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारते. तो ओ देतो. मी गेलो की विचारते, “तुमी कोन गावचे वो?” नूरजहांबींना मात्र ओळखते. बहुतेक चहामुळे.

आता जे सांगायचं ते सरळ सांगतो, कारण तुमच्याही घरात एखादी खाट असेल.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला इन्सुलिन चालू असेल, तर ताट तयार झाल्याशिवाय सुई उचलू नका. जेवणार नसेल, उलटी होत असेल, उपास असेल, तर टोचायच्या आधी डॉक्टरला विचारा. सेवेला ठेवलेला माणूस कितीही गोड बोलो, किती डोस भरतो ते स्वतः पाहा, आणि मशीन लावू नका असं तो म्हणाला तर त्याच दिवशी लावा. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर साखर द्या. गिळत नसेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखान्याकडे पळा. सून काही सांगत असेल तर ऐका. पेशंटजवळ ती असते, तुम्ही ओसरीत असता.

आणि हात जोडायचे असतील तर जोडा, मी अडवत नाही. फक्त आधी ताट वाढा. देवाला उपास सोसतो, तो हजारो वर्षं दुसऱ्यांची ताटं नुसती पाहत बसला आहे. इन्सुलिन टोचलेल्या म्हातारीला अर्धा तासही सोसत नाही.